सोसायटीचं रजिस्टर आणि रजिस्ट्रारची शाई

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा चेअरमनसाहेब म्हणाले, "विषय तुमचा तुम्ही ठरवा, फक्त पार्किंगवर बोलू नका." त्यामुळे मी शाईवर बोलणार आहे. काही जणांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू दिसतंय. मला शाईच्या पेनांचा नाद आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आजचा विषय नुसत्या नादाचा नाही. आपल्या सोसायटीच्या कपाटात पंचवीस वर्षांची जी रजिस्टरं आहेत, त्यांच्याशी तो जोडलेला आहे. वीस मिनिटांत संपवतो, चहा तयार आहे हे मला दिसतंय.

सुरुवात एका बाटलीपासून करतो. गेल्या वर्षी मी एक शाई मागवली. इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या डायमाइन नावाच्या कंपनीची. ही कंपनी १८६४ सालची. बाटलीवर नाव आहे 'रजिस्ट्रार्स इंक'. नाव वाचून आमची सौ. म्हणाली, "ही उपनिबंधकांच्या ऑफिसला द्यायची आहे का?" आपल्याला रजिस्ट्रार म्हटलं की सोसायटीचे उपनिबंधकच आठवणार! पण हा रजिस्ट्रार वेगळा. इंग्लंडात लग्नाची नोंद करणारा जो अधिकारी असतो, त्याची ही शाई. तिकडे २०२१ पर्यंत लग्नाची नोंद जाडजूड रजिस्टरात हाताने करत, आणि ती याच जातीच्या शाईने करायची असा नियम होता. साधी शाई चालत नसे. कारण उघड आहे. नवरा-बायको आज सही करून जातात, पण त्या सहीची गरज साठ वर्षांनी त्यांच्या नातवाला पडते. तोवर ती वाचता आली पाहिजे.

माझ्या डोक्यात तिथेच आपलं नामनिर्देशनाचं रजिस्टर आलं.

जुन्या सभासदांना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ऑफिसच्या खिडकीतून पाणी आत आलं आणि कपाटाचा खालचा कप्पा भिजला. नुकसान फार नाही असं तेव्हा वाटलं. रजिस्टरं वाळवली, पंख्याखाली ठेवली, पुन्हा कपाटात गेली. पुढे आपल्यातले एक सभासद वारले. त्यांचा मुलगा फ्लॅट नावावर करून घ्यायला आला. नामनिर्देशनाचं रजिस्टर उघडलं, तर त्या पानावर रकान्यांच्या छापील रेषा स्वच्छ, सभासद क्रमांक स्वच्छ, आणि नावाच्या जागी फिकट निळा ढग. 'मुलगा' हा शब्द अर्धा दिसत होता. पण मुलगे दोन. घरात वाद नव्हता म्हणून निभावलं. शिवाय नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत द्यावा लागतो, त्यातली सभासदाकडे परत आलेली प्रत त्यांच्या घरच्या ट्रंकेत निघाली. ती बॉलपेनने लिहिलेली होती, जशीच्या तशी होती. तरी चार महिने गेले. त्या चार महिन्यांत त्या माउलीने ऑफिसच्या किती खेपा घातल्या ते मी पाहिलंय. नाव घेत नाही, त्या इथेच बसल्या आहेत. मी बोलावं का म्हणून त्यांना आधी विचारलं, तर म्हणाल्या, "बोला, म्हणजे दुसऱ्याला तरी खेपा पडणार नाहीत."

म्हणून हा विषय.

आता शाई म्हणजे काय, ते थोडं सांगतो. घाबरू नका, रसायनशास्त्राचा तास घेत नाही. स्वयंपाकघरातलंच उदाहरण देतो. केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की काय होतं? हात काळे, विळी काळी. आवळ्याचं तेच. मेंदी लोखंडी कढईत भिजवली की तिला काळपट रंग येतो, म्हणूनच आपल्या बायका ती कढई वेगळी ठेवतात. या सगळ्यात एकच गोष्ट घडते. तुरट पदार्थात टॅनिन असतं. त्याचा लोखंडाशी संबंध आला, वर हवा लागली, की काळा रंग तयार होतो. तो रंग नुसता वर बसत नाही, तो मुरतो.

हीच जुन्या टिकाऊ शाईची युक्ती. युरोपात शेकडो वर्षं ही शाई मायफळापासून करत. ओकच्या झाडावर एक कीटक अंडी घालतो, तिथे झाडाला गाठ येते, ती गाठ म्हणजे मायफळ. त्याचा काढा करायचा, त्यात हिराकस घालायचं, थोडा डिंक घालायचा, झाली शाई. हिराकस म्हणजे लोखंडाचंच क्षार. आता गंमत बघा, मायफळ आपल्याला नवीन आहे का? बाळगुटीच्या डब्यात ते असतंच. शेजारी हिरडा असतो. त्या हिरड्यातही भरपूर टॅनिन असतं, त्यापासूनही अशी काळी शाई होते. सह्याद्रीत हिरडा मुबलक. म्हणजे ज्या दोन फळांचे वळसे आपल्या आज्यांनी सहाणेवर दिले आणि आपल्या जिभेवर ठेवले, त्यांतूनच साहेबाच्या रजिस्टराची शाई निघते. विदेशी बाटलीचं मला जे अप्रूप होतं, ते हे कळल्यावर निम्मं उतरलं आणि आपुलकी दुप्पट झाली.

आपल्याकडे पोथ्यांची जुनी शाई मात्र बहुतेक काजळाची. दिव्याची काजळी, डिंक, पाणी, आणि भरपूर घोटणं. लिहायला बोरू, आणि ओली अक्षरं टिपायला वर बारीक वाळू. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दफ्तरात जुने मोडी कागद ज्यांनी हाताळलेत, त्यांना कागदावर चिकटलेले वाळूचे कण माहीत असतील. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन. उन्हाने ते उडत नाही, काळाने फिकं पडत नाही. पण डिंकाने चिकटवलेलं असतं, त्यामुळे पाणी लागलं की पसरतं. थोडक्यात, काजळाची शाई उन्हाला भीत नाही पण पाण्याला भिते, आणि लोखंडाची शाई पाण्याला भीत नाही.

इंग्रजी कचेऱ्यांबरोबर 'ब्लू-ब्लॅक' आली. जुन्या खरेदीखतांवर, सात-बाराच्या जुन्या उताऱ्यांवर, आजोबांच्या पत्रांवर जी काळपट-तपकिरी अक्षरं दिसतात, त्यांत ही बरीच आहे. तिला निळी-काळी का म्हणतात? लोखंडाची शाई बाटलीत असताना जवळजवळ बिनरंगी असते. हवा लागल्यावर काळी होते. मग लिहिणाऱ्याला दिसणार काय? म्हणून तिच्यात निळा रंग घालतात. लिहिताना निळी दिसते, मग हळूहळू काळी पडते. लंडनच्या हेन्री स्टीफन्सने १८३२ पासून अशी शाई बाजारात आणली आणि ती जगभर गेली.

स्वदेशी शाईचीही एक ओळ सांगायलाच हवी. १९३१ साली मुंबईत काकासाहेब आणि नानासाहेब या दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली. सुरुवातीला 'हॉर्स ब्रँड', पुढे 'कॅमल'. इथे बसलेल्या साठीच्या वरच्या प्रत्येकाच्या शाळेच्या सदऱ्याच्या खिशावर त्या कॅमलचा डाग पडलेला आहे! बंगालात १९३४ साली 'सुलेखा' निघाली, तीही स्वदेशीच्या चळवळीतूनच. मध्ये बरीच वर्षं ती बंद होती, २०२० मध्ये तिच्या बाटल्या पुन्हा बाजारात आल्या. शाई ही एके काळी आयात करायची वस्तू होती आणि ती इथे करणं हे देशकार्य मानलं जात होतं, हे आज मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आता प्रयोगाकडे येतो. कारण बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा आपल्या रत्नागिरीत ती शाई कशी वागते, हा खरा प्रश्न. इंग्लंडातला पाऊस वेगळा, आपला वेगळा. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत मीठ ओलं, पापड मऊ, कपाटातल्या कोटावर बुरशी. कागद तर हवेतलंच पाणी पितो.

मी रजिस्टराच्याच जातीचा लेजर पेपर घेतला. त्यावर एकच वाक्य पाच प्रकारांनी लिहिलं. वाक्य होतं, "सर्वानुमते ठराव मंजूर." त्याहून कठीण वाक्य आपल्या सोसायटीत नाही! (हशा) पाच प्रकार म्हणजे साधी रॉयल ब्ल्यू शाई, बॉलपेन, जेलपेन, पेन्सिल आणि ही रजिस्ट्रारची शाई. जेलपेनं दोन वेगवेगळी घेतली. प्रत्येक कागदाचे तुकडे केले आणि वेगवेगळ्या परीक्षांना बसवले.

पहिली परीक्षा पाण्याची. तुकडे रात्रभर बादलीत. सकाळी रॉयल ब्ल्यूचा कागद जवळजवळ कोरा, ठराव वाहून गेलेला. बॉलपेन शाबूत. जेलपेनांपैकी एक पूर्ण पसरलं, दुसरं जसंच्या तसं राहिलं. दोन्ही पेनं बाहेरून सारखीच दिसत होती, हे लक्षात ठेवा. पेन्सिल शाबूत. आणि रजिस्ट्रारची शाई? पाण्यात थोडा निळा रंग उतरला, पण कागदावर काळं अक्षर ठाम. ते अक्षर निळेपणा जाऊन उलट अधिक ठसठशीत दिसायला लागलं.

यात एक बारकावा. मी एक तुकडा लिहिल्याबरोबर पाण्यात टाकला आणि एक दुसऱ्या दिवशी. ताज्या लिखाणातलं बरंच गेलं, एक दिवस जुनं मात्र राहिलं. म्हणजे या शाईला हवा खायला वेळ द्यावा लागतो. सही करून लगेच वही मिटायची नाही, आणि त्याच दिवशी पाण्याचा संबंध येऊ द्यायचा नाही.

दुसरी परीक्षा उन्हाची. दक्षिणेच्या खिडकीत तुकडे लावले, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. दिवाळीला लावले, गुढीपाडव्याला काढले. रॉयल ब्ल्यू फिकी. निळं बॉलपेनही, ज्याने पाण्यात मैदान मारलं होतं, उन्हात चांगलंच उतरलं. रजिस्ट्रारच्या शाईतला निळा रंग उडाला, मागे तपकिरी-राखाडी रेघ उरली, पण वाचता येत होती. पेन्सिलीला काहीच झालं नाही.

पेन्सिल म्हटलं की रत्नागिरीकराला एक गोष्ट आठवायलाच हवी. आपल्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं ते पेन्सिलीने. १९१०-११ च्या हिवाळ्यातलं ते काम, आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१५ साली. मंडालेचा राजा थिबा इथे आपल्या गावात कैदेत, आणि आपल्या गावचा माणूस तिकडे मंडालेला कैदेत. असा विचित्र सौदा इतिहासाने केला. पण शाईच्या हिशेबाने बघाल तर पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे पुन्हा कार्बनच. पाणी, ऊन, काळ, कशालाही ती दाद देत नाही.

मग रजिस्टर पेन्सिलीने लिहावं का? नाही. कारण तिसरी परीक्षा. माणसाची. खोडरबराने पेन्सिल दोन सेकंदांत गेली. सोसायटीच्या नोंदीला पाणी आणि ऊन हे दोनच शत्रू नाहीत, तिसरा शत्रू हात आहे. रजिस्ट्रारच्या शाईवर खोडरबर चालत नाही, ब्लेडने खरवडलं तर कागदाचे तंतू उठतात आणि कोणालाही दिसतं, कारण शाई कागदात मुरलेली असते. खाडाखोड करून लपवता येत नाही, हा तिचा मोठा गुण.

पण मी इथे त्या कंपनीची जाहिरात करायला उभा नाही, म्हणून तिचे दोषही सांगतो. आवळ्याने काळे झालेले हात आपण कशाने धुतो? लिंबाने. तसंच लिंबाचे चार थेंब या शाईवर टाकले तर अक्षर फिकं पडतं. म्हणजे कोणी ठरवूनच वाईट करायला बसला तर ही शाईही अभेद्य नाही. जगात कुठलीच नाही. दुसरं म्हणजे ही शाई आम्लधर्मी आहे. जुन्या काळी लोखंडाच्या शाईत आम्ल इतकं असायचं की युरोपातल्या काही जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी कागद खाल्ला गेलाय, जाळी झालीय. आताच्या बाटलीतली शाई त्या मानाने सौम्य असते. तरी तुमच्या ठेवणीतल्या महागड्या पेनात ती भरून सहा महिने विसरून जाऊ नका. मी साध्या स्टीलच्या निबाचं पेन तिच्यासाठी वेगळं ठेवलंय. दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुतो. दुसऱ्या शाईत मिसळत नाही. पेन पडून सुकलं तर आत गाळ बसतो, तो काढताना जीव मेटाकुटीला येतो.

तिसरं म्हणजे बाटली. हवा लागली की काळी होणं हा या शाईचा स्वभाव. मग बाटली उघडी राहिली तर ती बाटलीतच काळी होऊन खाली साका धरते. म्हणून मोठी बाटली घेऊ नये. तीस मिलिलिटरची लहान बाटली घ्यावी, तीत तीसेक वेळा पेन भरतं. सोसायटीच्या नोंदींना दोन वर्षं पुरून उरेल. झाकण घट्ट लावावं, अंधाऱ्या कपाटात ठेवावी, आणि शाई कमी झाली म्हणून वरून नळाचं पाणी अजिबात घालू नये. आपल्या हवेत त्या पाण्याबरोबर बुरशीला आमंत्रण जातं.

आणि एक फायदा, जो मला आधी माहीत नव्हता. जुलैतल्या ओलसर कागदावर साधी शाई फुटते. अक्षराला मिशा येतात. ही शाई त्या मानाने फार कमी फुटते. पातळ, करकरीत रेघ येते. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याने विचारलं, "हे छापलंय का?" म्हटलं, "नाही हो, माझंच अक्षर आहे, शाईने लाज राखली!"

आता तरुण मंडळी म्हणतील, काका, एवढं सगळं कशाला? स्कॅन करा, पेन ड्राइव्हवर ठेवा, क्लाऊडवर चढवा. करायचंच आहे. आपल्या कमिटीने सगळ्या जुन्या रजिस्टरांचं स्कॅनिंग याच वर्षी घेतलंय, त्यांचं अभिनंदन. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, प्रिंट काढताना प्रिंटर कुठला आहे ते पाहा. इंकजेटची प्रिंट बऱ्याचदा पाण्याने वाहते, लेझर प्रिंटरची पूड कागदावर भाजून बसलेली असते, ती वाहत नाही. भाग दाखल्याची प्रिंट लेझरवरच काढा. दुसरं, सगळं छापलं तरी सही हातानेच होते. सभासदाची सही, सेक्रेटरीची सही, साक्षीदाराची सही. अख्ख्या कागदावर हाताने लिहिलेलं तेवढंच उरलंय. कागदाचं सगळं वजन त्या दोन इंचांवर आहे. ते दोन इंच वाहून गेले तर स्वच्छ छापील मजकुराला कोण विचारतो?

पाण्याची गोष्ट मी उगाच करत नाही. आपण माळावर राहतो, पूर आपल्या दारात येत नाही, असं कोणी म्हणेल. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा लोकांनी घरातली माणसं वाचवली, आणि मग आठवडाभर दोऱ्या बांधून कागद वाळवले. खरेदीखतं, रेशनकार्डं, शाळेचे दाखले. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तेही १८६४ सालचंच. तिथल्या पुस्तकांची काय दशा झाली ते ज्यांनी पाहिलं त्यांना ते विसरता येणार नाही. २००५ च्या पुरातही त्या ग्रंथालयाने हेच भोगलं होतं. छापलेलं पुस्तक दुसरीकडे मिळू शकतं. हाताने लिहिलेली नोंद जगात एकच असते.

तर मग माझं मागणं काय आहे? तीन साध्या गोष्टी.

एक. सभासद नोंदवही, ज्याला आपण आय नमुना म्हणतो, नामनिर्देशनाचं रजिस्टर आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, या तीन वह्या टिकाऊ शाईने लिहाव्यात. बाकी पावती पुस्तकं, गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर खुशाल कशानेही लिहा. ही विदेशी बाटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पाण्याला न वाहणारी आणि उन्हाला टिकणारी, 'डॉक्युमेंट'साठी म्हणून मिळणारी पेनंही चालतील. आणि तेही नसेल तर साधं काळं बॉलपेन वापरा, पण त्या वह्या उन्हात ठेवू नका. फक्त पाण्याने जाणारी शाई आणि भरवसा नसलेलं जेलपेन या तीन वह्यांपासून दूर ठेवा.

दोन. नवीन पेन आलं की त्याची घरगुती परीक्षा घ्या. कागदावर एक ओळ लिहा, दुसऱ्या दिवशी पाण्यात टाका. वाटीभर पाणी आणि एक रात्र, एवढाच खर्च. दुकानदार काय सांगतो यापेक्षा वाटी खरं सांगते.

तीन. नामनिर्देशनाची सभासदाकडे परत आलेली प्रत घरात कुठे आहे, हे आज रात्री घरी गेल्यावर शोधा. सापडली तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवा, आणि घरातल्या अजून एका माणसाला जागा सांगून ठेवा. सापडली नाही तर सोमवारी ऑफिसात या, नवीन अर्ज भरू. तो भरायला लागणारं पेन मी देतो.

सेक्रेटरी साहेबांची परवानगी घेऊन मी मागच्या टेबलावर ती बाटली, दोन पेनं आणि लेजर कागद ठेवले आहेत. शेजारी पाण्याचं घमेलं आहे. त्यात कालच्या तारखेच्या चिठ्ठ्या भिजत घातल्या आहेत, पाच प्रकारच्या. चहा घेता घेता त्या काढून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मुलांनी तर जरूर लिहून पाहावं. लिहिताना निळं दिसेल, चहा संपेपर्यंत गडद होऊ लागेल, आणि उद्या काळं. हे डोळ्यांनी पाहण्यात मजा आहे. फक्त सदऱ्याला सांभाळा. हा डाग शाळेतल्या कॅमलसारखा नाही, हा धुतला तरी जायचा नाही.

सोसायटीची पंचवीस वर्षं झाली. पहिल्या सभेला ज्यांनी सह्या केल्या, त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्या पहिल्या इतिवृत्ताचं पान मी काल उघडून पाहिलं. सुदैवाने ते वरच्या कप्प्यात होतं, कोरडं राहिलं. सतरा सह्या आहेत, सतराही वाचता येतात. सुवर्णमहोत्सवाला जे कोणी सेक्रेटरी असतील, त्यांनाही त्या वाचता याव्यात, आणि आपल्या आजच्याही.